खुरसापुढची दोन व्हायोलिनं

कुस्तोदियो फर्नांडिस कायमचा परत आला तेव्हा खुरसावाडीने त्याला दोन महिने पाहुण्यासारखं वागवलं आणि तिसऱ्या महिन्यात कामाला लावलं. मालवणपासून सात किलोमीटरवर, खाडीच्या काठाला चिकटलेली ही तीस-बत्तीस उंबऱ्यांची ख्रिस्ती वाडी. मधोमध चुना फासलेला खुरीस, म्हणजे क्रूस, आणि त्याच्यापुढे सारवलेलं अंगण. आपल्यातल्या एकाने लिस्बनच्या वाद्यवृंदात एकोणतीस वर्षं व्हायोलिन वाजवलं, तिथल्या संगीतशाळेत शेकड्याने पोरं तयार केली, याचा वाडीला अभिमान होता. पण त्यासाठी कुणी हातातलं काम टाकून उभं राहणार नव्हतं. लग्न निघालं की ‘मास्तर, वाजवा’. कुणाचं पोर उनाडक्या करतंय, ‘मास्तर, तेका बशवा’. शनिवारी त्याच्या पडवीत आठजण शिकायला बसायचे. त्यात धामापूरहून स्कूटरने येणारी अक्षया, कॉलेजातली, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत हट्टी.

शिकवताना कुस्तोदियो कुणाच्या तोंडाकडे बघतच नसे. तो डावा हात बघायचा. कुणाचा अंगठा ताठ आहे, कुणाची करंगळी आळशी आहे, कुणी आठवडाभर वाद्याला हात लावलेला नाही, हे त्याला दारातूनच कळायचं. पोरांची नावं तो खुशाल विसरायचा, हात मात्र विसरायचा नाही. या गोष्टीचा त्याला थोडा गर्वही होता, आणि तो लपवायची कला त्याला कधी जमली नव्हती.

घरात दोघंच. तो आणि त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण फ्रान्सिस्का, जिला तो बाय म्हणायचा. तिने लग्न केलं नाही, आईबापांचं म्हातारपण काढलं आणि चर्चची गायनमंडळी चाळीस वर्षं मुठीत ठेवली. नवा पाद्री आला की तो आधी देवाला नमस्कार करतो आणि मग फ्रान्सिस्काला, असं लोक म्हणायचे. मालवणच्या मासळीबाजारात ती शिरली की कोळणी लांबूनच हात जोडायच्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा सुखात आहे. पण कुस्तोदियोला एक गोष्ट हवी होती आणि ती त्याला छप्पन्न वर्षं हवी होती.

मे महिन्यात खुरसापुढे लदीन होते. संध्याकाळी सगळी वाडी जमते, मेणबत्त्या लागतात, मरियामातेच्या नावांची लांबलचक प्रार्थना गायली जाते आणि शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटतात. पूर्वी या लदिनीला दोन व्हायोलिनं लागायची. वाडीत व्हायोलिनला रेबेक म्हणतात. एक रेबेक पहिला सूर वाजवी, म्हणजे लोक गातात ती चाल. दुसरी तिच्याखालून चालायची, जरा मागे रेंगाळत, मध्येच भलतीकडे वळून पुन्हा वेळेवर हजर होत. दोन्ही वाद्यं कुस्तोदियोच्या बापाची. पापा हा वाडीचा संगीतमास्तर. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, जे होतं ते कानातून हातात गेलेलं. पापाने मुलाला पहिला सूर शिकवला आणि मुलीला दुसरा. बायकांनी खुरसापुढे वाजवायची रीत नव्हती, म्हणून लदिनीच्या दिवशी दुसरा सूर पापा स्वतः वाजवायचा. पण वर्षभर, रोज, भात शिजेपर्यंत चुलीपुढच्या दोन पाटांवर बसून वाजवायची ती ही दोन भावंडं. पोरीचा दुसरा सूर बापापेक्षा सरस आहे हे बापालाही माहीत होतं. तो तसं बोलून दाखवत नसे, एवढंच.

मग एका फिरत्या पाद्रीने कुस्तोदियोला ऐकलं आणि मुंबईच्या एका वसतिगृहात त्याची सोय लावली. अट एकच, वाद्य स्वतःचं आणायचं. तो चौदाचा होता, फ्रान्सिस्का सतराची. एक रेबेक त्याच्याबरोबर गेली. दोन वर्षांनी वसतिगृहाच्या जिन्यावर तो घसरला आणि वाद्याची मान मोडली. परीक्षा तोंडावर आलेली. त्याने घरी पत्र टाकलं की दुसरी पाठवा. पापाने पाठवली. फ्रान्सिस्काने ती आपल्या जुन्या झग्यात नीट गुंडाळून दिली. तो झगा कुस्तोदियोने पुढे कितीतरी दिवस वाद्य पुसायला वापरला. त्या वर्षीपासून घरात रेबेक राहिली नाही आणि खुरसापुढचा दुसरा सूर बंद पडला.

पुढे सगळं यशाचं. मुंबई, मग शिष्यवृत्ती, मग लिस्बन. गंमत बघा, घरात पहिला सूर वाजवणारा हा पोरगा तिथे जन्मभर दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत बसला. अधूनमधून एकट्याच्या मैफली व्हायच्या, लहान लहान गावांत. टाळ्या पडायच्या, फुलं मिळायची. मग हॉटेलच्या खोलीत येऊन तो लदिनीचा पहिला सूर हळू आवाजात वाजवायचा आणि खालून दुसरा येतो का म्हणून थांबायचा. तो कुठून येणार? त्याने तो कागदावर उतरवून बघितला. हुशार विद्यार्थ्यांकडून वाजवून घेतला. ते बरोबर वाजवायचे आणि सगळं खोटं वाटायचं. एका जागी तो सूर शास्त्राचे सगळे नियम मोडून खाली उतरायचा, आणि ती जागा नेमकी कुठली, हेच त्याला आठवत नव्हतं. लोकांना घरची माशाची आमटी आठवते, पाऊसपाणी आठवतं. याला चुलीपुढचा तो सूर आठवायचा, आणि आठवला की छातीत खरोखरच दुखायचं. बायको होती तोवर ती पाठीवरून हात फिरवायची. ती गेली आणि तो उठून घरी आला.

येताना त्याने दोन व्हायोलिनं आणली. एक त्याचं. दुसरं एका म्हाताऱ्या कारागिराकडून बारा वर्षांपूर्वी घेतलेलं, कुणाच्याही हातात न दिलेलं. ते बायसाठी होतं. तिला त्याने सांगितलं नव्हतं. त्याला योग्य वेळ साधायची होती, आणि माणसं योग्य वेळ साधायला बसली की काय होतं ते आपण जाणतोच.

एप्रिल संपता संपता क्लाइव्ह घरी आला. लदिनीची सगळी व्यवस्था तोच बघतो आणि गेली काही वर्षं तोच कीबोर्ड वाजवतो.

“मास्तर, यंदा कीबोर्ड लावूचो मां?”

“नको रे. यंदा दोन रेबेक.”

“दुसरी कोण वाजयतला? अक्षया?”

“बाय.”

क्लाइव्हने मान वर केली. “बायेक इचारलात?”

“तिका काय इचारूचां? तीच तर वाजवी होती.”

क्लाइव्ह काहीतरी बोलणार होता. पण जग फिरून आलेल्या माणसाला आपण काय सांगणार, असं त्याला वाटलं असावं. मालवणी माणूस तोंडाशी आलेलं बोलणं गिळतो तेव्हा प्रकरण साधं नसतं, एवढं तरी कुस्तोदियोला आठवायला हवं होतं. त्याने वर आणखी शहाणपणा केला. फादर वाडीत नवे होते, सहा महिन्यांचे. त्यांना जाऊन सांगितलं की रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपताना जाहीर करा, बायला आनंद होईल.

रविवारी फादरांनी जाहीर केलं, “यंदाच्या लदिनीला कुस्तोदियो मास्तर आणि फ्रान्सिस्काबाय, दोघं बहीणभाऊ व्हायोलिन वाजवणार आहेत.”

चर्चमध्ये पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या बाकांवरची माणसं मागे वळली नाहीत आणि मागच्यांनी माना खाली घातल्या. गायनमंडळीच्या पुढे उभ्या असलेल्या फ्रान्सिस्काने शेवटचं गीत सुरू केलं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. कुस्तोदियोला वाटलं, बहीण गहिवरली.

घरी येऊन तिने भात टाकला. तो खोलीतून नवी पेटी घेऊन आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, उघडली आणि लहान पोरासारखा बाजूला उभा राहिला.

“तुज्यासाठी,” तो म्हणाला. “बारा वर्सां सांभाळून ठेवलंय.”

फ्रान्सिस्काने हात पुसले. व्हायोलिनकडे बराच वेळ बघितलं. मग ते उचललं आणि हनुवटीखाली धरलं. चोपन्न वर्षांनी धरत होती, पण खांदा, मान, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. आयुष्यभर पोरांना जे सांगून सांगून जमत नाही, ते तिच्या अंगात तसंच शाबूत होतं. मग तिने डावा हात वर नेला आणि वाद्याच्या मानेखाली धरला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका तारांवर आली नाहीत. ती दोन्ही सरळ उभी राहिली, काठीसारखी. तळव्यातून मनगटाकडे एक जुना पांढरा व्रण गेला होता.

ती तशीच उभी राहिली, त्याला नीट दिसेपर्यंत.

“वाकनत नाय,” ती म्हणाली.

“कदी झालां ह्यां?”

“चव्वात्तर साली. फणस कापी होतंय. आडाळ्याचां पातां सटाकलां. आतली शीर तुटली.”

“माका कोणी सांगूक नाय.”

“पापान पत्रात लिवल्यान.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं आणखी जड गेलं. “तू मगे सात वेळा इलंस. माज्या हातचां जेवलंस. मी हात कदी पाठीमागे धरूक नाय, कुस्तोद. कदी लपवूक नाय. तू बघूक नाय.”

तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाली, “भात निवता. जेव.”

पत्र त्याला आठवलं, तेच तर वाईट होतं. ‘फ्रान्सिस्काच्या हाताला लागलं होतं, आता बरी आहे. तू अभ्यासात लक्ष दे.’ त्याने लक्ष दिलं होतं. पत्राची घडी घालून तो रियाजाला बसला होता. हजार पोरांचे डावे हात त्याने या डोळ्यांनी तपासले, चुका काढल्या, सुधारल्या, आणि ज्या हाताने त्याला सात वेळा वाढलं तो हात त्याने पाहिला नव्हता. त्याला लाज वाटली. सत्तराव्या वर्षी माणसाला वाटते तशी, जिच्यावर उपाय करायला फार वेळ उरलेला नसतो अशी लाज. सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि भावाला नव्हतं. आणि त्या भावाने तिचं नाव चर्चमध्ये पुकारायला लावलं होतं.

शनिवारी पडवीत पोरं बसली. आठ डावे हात तारांवर चढले आणि कुस्तोदियो खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

“सर, माझं चुकतंय का?” अक्षयाने विचारलं.

“नाही. आज घरी जा सगळे.”

पोरं गेल्यावर त्याने चपला घातल्या. फ्रान्सिस्का मागल्या दारी वाल निवडत होती.

“खंय चाललंस?”

“फादराकडे. रद्द करूक सांगतंय.”

“म्हणजे आणि एकदा पुकारतले? बायेचो हात मोडको, म्हणान रद्द?” तिने सूप खाली ठेवलं. “एकदा हसां केलंस तां पुरे.”

“मगे काय करूया?”

“माका काय इचारतस? मास्तर तू.”

तो उंबऱ्यावर बसला. तिने वाल निवडून संपवले. मग तो हळूच म्हणाला की पाच-पाच वर्षांची पोरं शिकायला येतात, त्यांची बोटं तारेपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा आपण काय करतो, तर वाद्य पोराच्या हनुवटीखाली, गज पोराच्या उजव्या हातात, आणि तारांवर बोटं मास्तरांची. मास्तर बाजूला उभा राहून सूर दाबतो, पोर गज ओढतं. नाद पोराचा असतो.

“म्हणजे मी पाच वर्सांचां चेडू?”

“हय.”

रविवारपासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. ते तिने सुपाकडे बघून आवरलं.

लदिनीला चार दिवस होते. चुलीच्या जागी आता गॅसचा ओटा झालाय, त्याच्यासमोर ती स्टुलावर बसली, तो डावीकडून वाकून उभा राहिला. पहिला गज असा किंचाळला की शेजारणीने कुंपणावरून विचारलं, कोणाक काय झालां. फ्रान्सिस्काने तिला तिथूनच गप्प केलं. दोन दिवस तिने नुसत्या मोकळ्या तारा ओढल्या. तिसऱ्या दिवशी मनगट सुटलं. गजाच्या टोकापर्यंत सूर भरून यायला लागला, आणि कुस्तोदियोने डोळे मिटून घेतले, कारण हा हात त्याच्या ओळखीचा होता.

चौथ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, “आता दुसरो सूर घेवया. तू गुणगुण, मी बोटां ठेवतंय.” इतक्या वर्षांनी ती जागा आता येणार होती.

फ्रान्सिस्काने गज मांडीवर ठेवला.

“दुसरो नाय. पयलो.”

“बाय, पयलो माका येता. पयलो कोणाकय येता. दुसरो फक्त तुका—”

“माका पयलो होयो.”

त्याला काही कळेना. “पण तुजो तर दुसरो होतो.”

“पापान दिल्यान म्हणान माजो. मी नव वर्सांची होतंय. तू सहाचो. पयलो सूर झिलाक, दुसरो चेडवाक. माका कोणी इचारूक नाय.” ती सावकाश बोलत होती, वाल निवडावेत तशी. “मी त्या दिसा रडलंय. आवशीन बघल्यान. मगे तुज्या खालसून वाजवीत रवलंय. बरो वाजवी होतंय, ठाव आसा माका. पण तो माका कदी नको होतो, कुस्तोद.”

“माका तो एकदा ऐकूचो आसा,” तो म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “एकदाच. छप्पन वर्सां झाली, बाय.”

“माकाय छप्पनच झाली.”

कुस्तोदियोने शेवटचा प्रयत्न केला. “नुसतो गावन दाखव. ती एक जागा तेवढी.”

“विसारलंय,” फ्रान्सिस्का म्हणाली.

ती खरंच विसरली होती की देत नव्हती, हे त्याला तिच्या तोंडावरून कळलं नाही. पुन्हा विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे मात्र कळलं. त्याने पहिल्या सुराच्या पहिल्या जागेवर बोट ठेवलं. तिने गज उचलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुरसापुढे वाडी जमली. दोन व्हायोलिनं वाजणार असं पुकारलं होतं, आणि पुढे एकच स्टूल होतं आणि एकच व्हायोलिन. फ्रान्सिस्का निळा झगा घालून बसली. तिचा डावा हात मांडीवर होता, उताणा, सगळ्यांना दिसेल असा. कुस्तोदियो तिच्या बाजूला वाकून उभा राहिला, तेव्हा मागून एक दोघं कुजबुजली आणि मग थांबली. क्लाइव्हने मेणबत्त्या लावल्या.

तिने चाल सुरू केली. कीबोर्डच्या लयीत गायची सवय झालेली वाडी पहिल्या ओळीला पुढे धावली आणि मग मागे आली, कारण फ्रान्सिस्का कुणासाठी घाई करणारी नव्हती. ही चाल कुस्तोदियोच्या बोटांना झोपेतही येत होती. पण गज त्याच्या हातात नव्हता. प्रत्येक सुरावर त्याला थांबावं लागत होतं, ती सोडेल तेव्हा पुढे जायचं. एक ओळ तिने इतकी लांबवली की त्याचं बोट दुखायला लागलं. खाली, जिथे दुसरा सूर असायला हवा, तिथे काही नव्हतं. हॉटेलच्या खोल्यांत असायचं तसंच रिकामं. तो वाकून उभा होता, त्यामुळे तिचा चेहरा त्याला अगदी जवळून दिसत होता. लदिनीत वाजवताना आपला चेहरा असा कधी झाला असेल असं त्याला वाटलं नाही. पाद्र्यांनाही मुठीत ठेवणारी ही बाई नऊ वर्षांची दिसत होती.

शेवटचं कडवं झालं. फादरांनी पुस्तक मिटलं. माणसं गुडघ्यांवरून उठली, पोरं चण्यांच्या भांड्याकडे सरकली आणि क्लाइव्ह द्रोण मांडायला लागला. कुस्तोदियोची पाठ भरून आली होती. त्याने तारेवरची बोटं उचलली.

“बोटां ठेव,” फ्रान्सिस्का पुढे बघतच म्हणाली. “माजां अजून संपूक नाय.”

त्याने बोटं परत ठेवली. तिने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि उठलेली वाडी पुन्हा गुडघ्यांवर बसली.